काजू बी सव्वाशेला, काजूगर हजाराला: मधले पैसे जातात कुठे?

शिमगा आटोपला की सिंधुदुर्ग, रत्नागिरी, चंदगड-आजरा आणि गोव्यातून त्याच बातम्या दरवर्षी येऊ लागतात. काजू बीचा दर पडला, शेतकरी हमीभाव मागत आहेत, परदेशी बी थांबवा. गोवा सरकारने 2023 मध्ये बीची आधारभूत किंमत किलोला 150 रुपये केली. महाराष्ट्र सरकारने 2024 च्या हंगामासाठी किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केले. पुण्या-मुंबईत ही बातमी वाचणाऱ्याला मात्र काही केल्या मेळ लागत नाही. आपण दुकानात काजूगर नऊशे-हजार रुपये किलोने घेतो आणि बागेतल्या माणसाला सव्वाशे मिळतात. म्हणजे मधल्यांनी आठपट कमावले?

गोष्ट तितकी सरळ नाही, आणि ‘दलाल खातात’ एवढ्या दोन शब्दांत ती मिटतही नाही. मी सिंधुदुर्गातला आहे, लहानपणी काजूच्या बिया वेचून खाऊचे पैसे जमवलेत. म्हणून हा हिशेब नीट मांडावासा वाटतो.

## आधी फळ आणि बी

काजूच्या झाडाला लाल-पिवळे, भोपळी मिरचीसारखे दिसणारे जे लोंबते ते बोंड, मालवणीत बोंडू. आपण त्याला फळ म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो फुलाचा फुगलेला देठ आहे. खरे फळ म्हणजे त्याच्या टोकाला बाहेरच लटकणारी राखाडी बी. वाढीचा क्रमही उलटा असतो. आधी बी पूर्ण आकाराची होते, आणि मग मागाहून देठ रसाने फुगत जातो.

झाड मूळचे ईशान्य ब्राझीलचे. तिथल्या तुपी लोकांचा शब्द ‘अकाजू’, पोर्तुगिजांनी त्याचा ‘काजू’ केला आणि सोळाव्या शतकात झाड नि नाव दोन्ही आपल्या किनाऱ्यावर उतरवले. कातळ, जांभी माती, डोंगरउतार, कशातही ते रुजले. महाराष्ट्रात 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, तेव्हा कोकणातल्या वरकस जमिनींवर आंब्याबरोबर काजू लागला. आज काजू बीच्या उत्पादनात देशात महाराष्ट्र पहिला आहे.

बीच्या आत काय असते? बाहेर जाड टरफल. त्याला दोन कडक थर, आणि दोहोंच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखी घरे. त्या घरांत दाट, तपकिरी, झोंबणारे तेल. टरफलाच्या आत तांबूस पातळ साल, आणि त्या सालीत काजूगर. म्हणजे एका देठावर चार माल आहेत: गर, टरफलातले तेल, साल आणि बोंड. बागायतदाराला पैसे मिळतात ते फक्त बीच्या वजनाचे. बाकीचा सगळा लेख या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

## 100 किलो बीचे काय होते

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला ‘उतारा’ शब्द सांगायला नको. टनभर उसातून साखर किती निघते, तो उतारा. काजूलाही तसाच उतारा असतो. 100 किलो चांगल्या वाळलेल्या बीतून साधारण 25 ते 30 किलो गर मिळतो. बाकी जवळजवळ सगळे टरफल, आणि थोडी साल.

आता बी सव्वाशे रुपये किलो धरा आणि उतारा 26 किलो. शंभर किलो बीला 12,500 रुपये पडले आणि हाती 26 किलो गर आला. म्हणजे किलोभर काजूगरात नुसत्या बीचेच 480 रुपये बसले, अजून कारखान्याचे दारही उघडलेले नाही. आठपटीचे कोडे इथेच निम्मे सुटते. सव्वाशेची तुलना हजाराशी करणे म्हणजे भाताच्या दराची तुलना तांदळाशी करण्यासारखे आहे, फरक इतकाच की भातात तूस थोडे असते आणि काजूत तीन हिस्से.

त्यात बागेतून आलेली बी ओलसर असते. ती उन्हात वाळवली की वजन घटते. मग बी वाफेवर शिजवतात, म्हणजे टरफल ठिसूळ होते आणि गर सुटतो. नंतर एकेक बी कटरच्या पात्यात धरून फोडायची. यंत्रे आली आहेत, पण लहान कारखान्यांत अजूनही हाताने दांडा आणि पायाने पायटा दाबूनच बी फुटते. समोर बायका बसलेल्या असतात. हाताला तेल किंवा राख चोळून त्या दिवसभर फोडतात, आणि तरी बोटांची कातडी सोलवटते. मग गर भट्टीत सुकवायचा, साल काढायची, आणि शेवटी निवड.

या निवडीतच पुढचा पैसा ठरतो. डब्यावर ‘डब्ल्यू-320’ असे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे पांढरा अखंड गर, आणि आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. म्हणून 320 चा एक गर सुमारे दीड ग्रॅमचा, आणि 180 चा अडीच ग्रॅमचा. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. फोडताना दोन फाका झाल्या की ती पाकळी, आणखी मोडला की तुकडा, आणि दर पायरी-पायरीने खाली. 26 किलोतला प्रत्येक किलो हजाराने जात नाही. आपण दुकानात पाहतो तो भाव अखंड गराचा असतो. तुकडा मिठाईवाल्याकडे आणि हॉटेलच्या ग्रेव्हीत जातो.

## म्हणजे मधले कोणी जास्त घेतच नाही?

घेतात. पण कुठे, ते नेमके पाहायला हवे.

बी येते फेब्रुवारी ते मे. कारखाना चालवायचा बारा महिने. म्हणजे वर्षभराचा माल तीन-चार महिन्यांत विकत घेऊन गोदामात ठेवायचा, आणि त्या भांडवलावर व्याज भरायचे. ज्याच्याकडे पैसा आहे तो हंगामात स्वस्त घेऊन ठेवू शकतो. बागायतदाराला हे जमत नाही, कारण पावसाळ्याआधी त्याला घर शाकारायचे असते, बियाणे-खत घ्यायचे असते, मुलांच्या शाळेची फी भरायची असते. गावात अजूनही वाण्याकडे बी टाकून सामान नेले जाते. वजन किती आणि दर किती, ते वाणीच सांगतो.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची. बी विकली जाते किलोवर, पण तिची खरी किंमत आहे उताऱ्यावर. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-7 जातीची बी साधारण 10 ग्रॅमची भरते, उतारा तिशीच्या घरात जातो आणि गर 180 च्या वर्गातला मोठा निघतो. गावठी झाडाची बी त्याच्या निम्मी. मोठा खरेदीदार पोत्यातून नमुना घेऊन बी फोडून पाहतो, गर किती, किडका किती, ओल किती, आणि मगच भाव करतो. आफ्रिकेतून येणाऱ्या मालाचा तर सौदाच 80 किलोच्या पोत्यात किती पौंड गर निघेल यावर होतो. गावच्या काट्यावर ही चाचणी होत नाही. ज्याने चांगले कलम लावले, ढेकण्या किडीपासून मोहोर वाचवला, बी नीट वाळवली, त्याची बी आणि ओली-सुकी-गावठी बी एकाच ढिगात, एकाच दराने जाते. कष्टाचा फरक त्या ढिगात हरवून जातो.

## टरफलातले तेल: ज्याने ओठ सुजतात, त्यानेच ब्रेक लागतो

सात-आठ वर्षांचा असताना मी हिरवी काजू दाताने फोडली होती. आजी ओरडत आली, “दातान फोडू नको रे, ओठ सुजतले!” पण तोवर व्हायचे ते झाले होते. आठवडाभर ओठांवर खपल्या होत्या.

हे तेल एवढे का झोंबते? आंब्याचा चीक अंगाला लागला की डाग पडून कातडी जळते, हे कोकणात प्रत्येकाला माहीत आहे. बिब्बा देशावरही माहीत आहे. परीट कपड्यांवर खुणा करायला त्याचेच तेल वापरत. आंबा, बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, आणि तिघांच्या चिकात एकाच घराण्यातली द्रव्ये आहेत. बिब्ब्याच्या आतली गोडंबी लाडवात घालतो ना? ती बिब्ब्याचा काजूगरच समजा. बाहेर जहाल, आत गोड.

या तेलाच्या रेणूचे डोके फिनेलच्या जातीचे आणि शेपूट खाद्यतेलासारखे लांब असते. डोक्यामुळे ते कीड-वाळवीला मारते आणि इतर रसायनांशी पक्के जोडले जाते. शेपटीमुळे ते लवचीक राहते आणि पाण्याला दूर ठेवते. किनाऱ्यावरच्या लोकांना रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण गुण माहीत होता. होडीचे लाकूड वाळवीने आणि खाऱ्या पाण्याने खाऊ नये म्हणून काजूचे तेल चोपडत आले आहेत.

कारखान्यात हे तेल तापवले की त्यातला मुख्य घटक आम्लपणा टाकून देतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल नावाचे द्रव्य उरते. त्यापासून राळ बनते. ती घट्ट करून, दळून केलेली पूड जगभर गाड्यांच्या ब्रेक-लायनिंगमध्ये वापरतात. ब्रेक तापला तरी पकड टिकते आणि करकर कमी होते. घाट उतरणारी गाडी थांबते त्यात काजूच्या टरफलाचाही वाटा असू शकतो, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी बराच वेळ आमच्या परसातल्या झाडाकडे पाहत बसलो होतो. याच तेलापासून जहाजांच्या रंगातले असे घटक करतात की थंड, दमट हवेतही रंग नीट धरतो. वार्निश, चिकटवण्या, लॅमिनेट यांतही ते जाते.

टरफलाच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा थोडे जास्त तेल निघते. 100 किलो बीतले 65-70 किलो टरफल धरले तर 13-15 किलो तेल. तेल काढून उरलेली पेंड बॉयलरला जळण म्हणून चालते. कातडी कमावण्यासाठी गरावरची तांबूस साल वापरता येते, कारण तीत तुरट द्रव्य भरपूर असते.

पण लहान कारखानदाराकडे तेल काढायची सोय नसते. तो टरफल पोत्याने विकून टाकतो, नाहीतर जाळतो. जाळलेल्या टरफलाचा धूर डोळ्यांना, घशाला फार लागतो. तेलासकट टरफल जाळणे म्हणजे चांगला माल आणि शेजाऱ्याची हवा दोन्ही एकदम घालवणे.

## मग काजूगर खाणे धोक्याचे नाही ना?

नाही. झोंबणारे तेल टरफलात असते, गरात नाही. बाजारात ‘कच्चा काजू’ म्हणून मिळतो तो गरसुद्धा बी वाफवल्यानंतरच काढलेला असतो. ओल्या काजूगराची उसळ करताना मात्र हिरवी बी चिरून गर काढावा लागतो आणि तिचा चीक लागू शकतो, म्हणून काढणारीण हाताला तेल लावते आणि गर गरम पाण्यात टाकून सोलते. तो ओला गर शेकड्यावर महाग का विकतात, ते तिची बोटे पाहिली की विचारावे लागत नाही. ‘काजूत कोलेस्टेरॉल असते’ हेही लोक हटकून म्हणतात. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. काजूत चरबी आहे, म्हणून मूठभर खावा, वाटीभर नाही, इतकेच.

## बोंड: सगळ्यात मोठा माल, सगळ्यात कमी किंमत

बीच्या वजनाच्या सात-आठपट तरी बोंडाचे वजन असते. म्हणजे 100 किलो बी वेचली की बागेत 700-800 किलो बोंडे पडलेली असतात. रसाळ, सुगंधी, आणि ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाचपट. महाराष्ट्राच्या बाजूला यातली बहुतेक झाडाखालीच कुजतात. बी पिळून काढायची आणि बोंड फेकायचे, ही सवय आम्हाला लहानपणापासूनची.

कारणे दोन. पहिले, बोंड टिकत नाही. साल पातळ, रस गोड, हवा तापलेली. झाडावरून पडले की एका दिवसात आंबायला लागते. आंबा पेटीत बसून अहमदाबादपर्यंत जातो, बोंड गावच्या एसटी स्टँडपर्यंतही धड पोचत नाही.

दुसरे कारण घशाचे. बोंड खाल्ले की जीभ आकसते, घसा खवखवतो. हा तुरटपणा टॅनिनमुळे. हिरडा, सुपारी, कच्चे केळे यांच्यातही तेच असते. टॅनिनला प्रथिने दिसली की ते त्यांना घट्ट धरते. तोंडात गेल्यावर ते लाळेतली प्रथिने धरते, बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. मग उपाय सोपा आहे: टॅनिनला धरायला दुसरे काहीतरी द्यायचे. रसात थोडे जिलेटिन किंवा शिजवलेल्या साबुदाण्याची खळ घातली की टॅनिन तिला चिकटून तळाशी बसते. वरचा निवळ रस गोड लागतो. घरी बोंडाला मीठ लावून खातात, तेही तुरटपणा सुसह्य करण्यासाठीच.

## सगळ्याची दारूच करायची का?

बोंडाचा विषय निघाला की हा आक्षेप येतोच, आणि तो रास्त आहे.

गोव्याने बोंडाला किंमत मिळवून दिली ती फेणीने, हे मान्य करायला हवे. तिथे झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेलीच बोंडे वेचतात. दगडी कुंडात, म्हणजे कोळंबीत, ती पायाने तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने बांधून वर धोंडा ठेवला की जो रस हळूहळू ठिबकतो तो नीरो. तो तसाच पितात, त्यात नशा नसते. तुडवलेला रस तीनेक दिवस आंबवून भाटीवर, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीवर, चढवला की पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक मिळतो, आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी, मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या पुढे. 2009 मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवले. गोव्याच्या हद्दीलगतच्या बांद्यापलीकडे बोंडाला गिऱ्हाईक आहे आणि बांद्याअलीकडे नाही, झाड तेच. सिंधुदुर्गातली बोंडाची दारू गाळायच्या परवानगीची मागणी यातूनच येते.

पण दारू हा एकच मार्ग नाही, आणि त्याचा पुरावा काजूच्या माहेरीच आहे. ब्राझीलमध्ये ‘काजुईना’ नावाचे पेय आहे. रस काढायचा, जिलेटिनने टॅनिन खाली बसवायचे, गाळून घ्यायचे आणि बाटल्या बंद करून गरम पाण्यात बराच वेळ ठेवायच्या. रसातली साखर हलकीशी खरपूस होते आणि पेय सोनेरी, पारदर्शक दिसते. ते आंबवलेले नाही, म्हणून त्यात मद्यार्क नाही. सियारा प्रांतातला औषधविक्रेता आणि लेखक रोदोल्फो तेओफिलो हा दारूच्या विरोधात होता, लोकांना दुसरे काही प्यायला मिळावे म्हणून त्याने हे पेय पुढे आणल्याचे मानतात. पियाउई प्रांतातली काजुईना 2014 मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशात नोंदली गेली. यात लागणारी एकही गोष्ट कोकणात अशक्य नाही. कोकम आगळाच्या बाटल्या घराघरांत भरणाऱ्या बायकांना गरम पाण्यात बाटल्या ठेवणे शिकवावे लागणार नाही. अडचण वेळेची आहे: बोंड पडल्यापासून काही तासांत रस निघायला हवा, म्हणजे रस काढायची सोय वाडीत हवी, तालुक्याच्या गावात नव्हे.

## परदेशी बी थांबवली तर दर चढेल?

थोडे दिवस चढेल. पण भारतातल्या कारखान्यांना लागणाऱ्या बीपैकी निम्म्याहून जास्त बी बाहेरून, मुख्यतः आफ्रिकेतून येते. आयव्हरी कोस्ट आज जगातला सर्वांत मोठा बी उत्पादक आहे. ती बी आली नाही तर वर्षातले कित्येक महिने कारखाने बंद राहतील, आणि आपल्याच तालुक्यातल्या फोडणाऱ्या बायका घरी बसतील. शिवाय गर निर्यातीत व्हिएतनाम भारताच्या पुढे गेला आहे. तो तीच आफ्रिकन बी घेऊन, यंत्रांवर फोडून विकतो.

तरी बागायतदाराची तक्रार खोटी ठरत नाही. 2018 च्या अर्थसंकल्पात बीवरचे आयात शुल्क 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. पश्चिम आफ्रिकेचा हंगामही साधारण आपल्याच वेळी असतो, त्यामुळे नेमकी आपली बी बाजारात असताना तिकडचा भाव इकडचा भाव ठरवतो. शुल्क वर्षभर सारखे ठेवण्याऐवजी आपल्या हंगामापुरते वाढवावे, ही मागणी मला वाजवी वाटते. कारखाना बंद पडणार नाही आणि बी मातीमोल जाणार नाही.

## उसाला आहे, काजूला का नाही?

महाराष्ट्रात ऊसदराचा 2013 चा कायदा आहे. साखर आणि तिच्याबरोबरचे उपपदार्थ, म्हणजे मळी, बगॅस (चिपाड), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), यांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा ऊस देणाऱ्याचा, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातला 75 टक्के, असे त्याचे सूत्र. अंमलबजावणीवर भांडणे होतात ती होऊ देत. पण तत्त्व मान्य झाले आहे की उसाबरोबर चिपाडही शेतकऱ्याचेच आले होते, तेव्हा त्याचाही हिशेब द्या.

काजूवाल्याचे टरफल, साल, तेल यांचा असा हिशेब कुठेच मांडला जात नाही. कारण सरळ आहे: ऊस एका मोठ्या कारखान्यात मोजून जातो, काजू शेकडो लहान हातांत विखुरतो. उद्या हे सूत्र जसेच्या तसे लावता येणार नाही. पण दोन पावले आजही टाकता येतात. वेंगुर्ला, चंदगडसारख्या ठिकाणी पाच-पन्नास कारखान्यांचे टरफल एकत्र आणून सामाईक तेलघाणा चालवता येईल, म्हणजे जळून जाणाऱ्या तेलाचे पैसे तालुक्यातच राहतील. आणि गावच्या खरेदी केंद्रावर किलोभर बी समोर फोडून, गर तोलून, उताऱ्याप्रमाणे दर देता येईल. त्याला लागते एक कटर, एक तराजू आणि ओल मोजायचे छोटे यंत्र. 2023 पासून महाराष्ट्रात राज्य काजू मंडळ आहे. त्याने पहिल्या वर्षी दहा गावांत जरी हे केले, तरी वेंगुर्ला-7 लावलेल्या माणसाला आपल्या पोत्याची खरी किंमत पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.